‘क्वेल’ म्हणजे शांत करणं? जरा थांबा

बुलढाणा, खामगाव, चिखली किंवा मलकापूरच्या अभ्यासिकांत बँकेच्या नाहीतर स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत एक यादी हमखास सापडते. क्वेल: शांत करणे. अले: शांत करणे. अस्वेज: शांत करणे. पॅसिफाय: शांत करणे. योग्य पर्याय निवडायचा असेल तर एवढ्यावर गुण मिळूनही जातात. स्वतः वाक्य लिहायची वेळ आली की मात्र पंचाईत होते, कारण या चौघांची कामं वेगळी आहेत आणि त्यांत ‘क्वेल’ सर्वांत दांडगा.

पहिला गैरसमज हाच, की क्वेल म्हणजे समजूत घालून शांत करणं. या शब्दाचं मूळ रक्ताळलेलं आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता ठार मारणं. जर्मन भाषेतला त्याचा भाऊबंद आजही ‘छळणं’ या अर्थाने वापरतात. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये लेडी मॅकबेथ राजा डंकनच्या नियोजित खुनालाच ‘क्वेल’ म्हणते, तिथे तो चक्क नाम म्हणून येतो. पुढे शब्दाची धार बोथट झाली, पण वृत्ती गेली नाही. काहीतरी उसळून वर आलंय आणि त्याला बाहेरून जोर लावून खाली बसवलं, असं चित्र असेल तरच क्वेल शोभतो. रडणाऱ्या बाळाला आई क्वेल करत नाही.

पोलिसांच्या बातम्यांत हा फरक नेमका कळतो. ठाणेदाराने दोन्ही बाजूंच्या मंडळींना बोलावून शांतता समितीची बैठक घेतली, तर त्याने काहीही क्वेल केलेलं नाही. लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली, जमाव पांगला आणि दंगल आटोक्यात आली, तर तिथे क्वेल बिनदिक्कत लिहा. गंमत अशी, की कायदा स्वतः मात्र मोजून बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये बेकायदा जमावाला ‘पांगण्याचा’ हुकूम देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्याचा शब्द ‘डिस्पर्स’, आणि क्वेल वार्ताहराचा.  

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: क्वेल केलं म्हणजे प्रश्न मिटला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाची कागदपत्रं, हिशेबाच्या वह्या जाळल्या. हे लोण नगर जिल्ह्यातही गेलं. पोलीस आणि लष्कर आलं, धरपकड झाली, सरकारने दंगे क्वेल केले. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता आणि कर्ज फिटत नव्हतं. ते सगळं जागच्या जागी राहिलं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणावा लागला. त्या कायद्याने शेतकऱ्यांच्या तक्रारीचा थोडाफार भार हलका केला, आणि त्याला इंग्रजीत क्वेल म्हणत नाहीत. तिथे ‘अस्वेज’ किंवा ‘रिड्रेस’ लागतो. क्वेल उद्रेकाला लागतो, कारणाला नाही. शिवाय लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हेही हे क्रियापद बोलून दाखवतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखी १८५७ चा उठाव क्वेल केला गेला. आपल्याला तसं लिहायचं असेल तर निदान जाणीवपूर्वक लिहावं.

मग भीती, अफवा, शंका यांना क्वेल चालतो का? चालतो. आपल्याच बुलढाणा जिल्ह्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुळासकट हातात यायला लागले. कंगवा फिरवला की पुंजकाच निघायचा, आणि काही दिवसांत टक्कल पडायचं. लहान मुलं, बायका, म्हातारे, कोणी सुटलं नाही. पाण्याचा दोष, शाम्पूचा दोष, नवा विषाणू, असे तर्क सुसाट निघाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं, नमुने गेले, आणि रुग्णांच्या रक्तात व केसांत सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळल्याचं पुढे आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. या प्रसंगावर इंग्रजीत चार ओळी लिहायच्या झाल्या तर प्रशासनाने जाहीर खुलासा करून अफवांना ‘क्वेल’ केलं, हे बरोबर. डॉक्टरने घरात बसून एखाद्या बाईला सांगितलं, की केस परत येतील, तर तिची भीती त्याने ‘अले’ केली. भीतीला दोन्ही क्रियापदं चालतात, पण क्वेलमध्ये अधिकाराचा आवाज आहे आणि अलेमध्ये धीराचा.

तहानेला मात्र क्वेल नाही, ‘क्वेंच’. तापलेल्या कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो, तेही क्वेंच. आगीलाही तोच चालतो. भुकेला क्वेल म्हणणारे आहेत, तहानेला म्हटलं तर कानाला खटकतं.

‘क्वॉश’शी होणारी गल्लत तर वर्तमानपत्रांतही दिसते. बुलढाण्यात दाखल झालेला गुन्हा रद्द करून घ्यायला माणूस उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जातो. तिथे एफआयआर क्वॉश होतो, म्हणजे रद्दबातल ठरतो. पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली व्हायचा, आता नव्या संहितेच्या ५२८ खाली होतो. असा एफआयआर कधी रद्द करावा, याची सात प्रकारची उदाहरणं सर्वोच्च न्यायालयाने भजनलाल खटल्यात घालून दिली आहेत. न्यायालय गुन्हा ‘क्वेल’ करत नाही, तसं लिहिलं तर न्यायाधीश हातात काठी घेऊन उतरल्यासारखं वाटेल.

अमेरिकन कादंबरीत आजी नातवाचं कौतुक करताना ‘क्व्हेल’ करताना दिसली तर गोंधळू नका. तो ‘के’ने सुरू होणारा यिडिश भाषेतला शब्द आहे, अर्थ अभिमानाने फुलून जाणं. आणि पिसाची लेखणी म्हणजे ‘क्विल’, तिचाही इथे काही संबंध नाही.

व्याकरणात आपल्याकडे एक चूक फार होते. ‘काम डाउन’च्या सवयीने क्वेलला शेपूट जोडून ‘क्वेल डाउन’ लिहितात. ते लावू नका. हे क्रियापद सकर्मक आहे, म्हणून ‘जमाव क्वेल झाला’ असं स्वतःहून होत नाही, कोणीतरी ते करावं लागतं. भूतकाळी रूप लिहिताना ‘एल’ दोनदा येतो, ब्रिटिश इंग्रजीतही आणि अमेरिकनमध्येही.