इतर हक्कात

विधवेला मृत्यूचा दाखला मिळतो, घटस्फोट झालेलीला कोर्टाचा हुकूम. नवऱ्याने नुसतं टाकून दिलेल्या बाईपाशी दाखवायला कागदच नसतो. ती 'नांदत नाही', 'माहेरी येऊन बसलीय', एवढंच गाव म्हणतं. चूल ती भावाच्या घरी फुंकते, पण रेशनच्या दप्तरात अजून सासरच्याच कार्डावर जेवत असते.

मार्च १९८८मध्ये संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. ॲड. निशा शिवूरकर तिच्या पुढाकारात होत्या. 'परित्यक्ता' हा शब्द पुस्तकी. आलेल्या बायका स्वतःला 'टाकलेली' किंवा 'सोडलेली'च म्हणायच्या. तरी त्या निमित्ताने एक गोष्ट झाली. जो प्रश्न ज्याच्या त्याच्या घरातलं दुखणं म्हणून झाकला जायचा, तो मांडवात आला. मागण्या ऐकायला किरकोळ होत्या: वेगळं रेशनकार्ड, राहायला जागा, वेळेवर पोटगी. पण रेशनकार्ड वेगळं देणं म्हणजे नवऱ्याशिवायही बाईचं कुटुंब असू शकतं हे सरकारी शिक्क्यानिशी कबूल करणं. खिडकीवरचा कारकून एवढा अडून का बसायचा, ते यावरून कळतं.

पोटगीचं तर विचारूच नका. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खाली महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि ही मर्यादा केंद्राने उठवली ती २००१ साली. तारखेला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज, वकिलाची फी, आणि वर नवरा गैरहजर. मिळकतीपेक्षा वसुली महाग पडायची. म्हणूनच चळवळ पोटगीवर थांबली नाही, ती घराजमिनीच्या हिश्शाकडे वळली. तिकडे सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनीही टाकलेल्या बाईला घर आणि कसायला जमीन हवी, हा धोशा लावलाच होता.

त्याच काळात जमिनीचा प्रश्न अगदी दुसऱ्या टोकाकडून आला. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं आणि पुढे त्यातूनच 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम निघाला. संघटनेचे नेते शरद जोशी यांचं म्हणणं सरळ होतं. शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर येणारा शेतकरी घरच्या लक्ष्मीच्या घामाला काय भाव देतो? गावातल्या शंभर जणांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला की ते गाव लक्ष्मीमुक्त, आणि मग जोशी स्वतः त्या गावात जाणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव यात पहिलं घेतलं जातं. नेत्याची सभा गावात व्हावी म्हणून पुरुष तलाठ्याकडे चकरा मारू लागले. असलं आमिष दुसऱ्या कुठल्या चळवळीने दाखवल्याचं मला आठवत नाही.

यावर शहरी मंडळींनी नाक मुरडलं. हे दान झालं, हक्क कुठला? आक्षेप खोटा नव्हता. पण खेड्यात सातबाऱ्याला बाईचं नाव लागतं, ते वाचून दाखवलं जातं आणि बाई ते ऐकते, या गोष्टीचं वजन त्या आक्षेपात धरलेलं नव्हतं. सप्टेंबर १९९२मध्ये महसूल खात्याचं परिपत्रक निघालं. नवऱ्याने तहसीलदाराकडे अर्ज करावा आणि बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घ्यावं. सगळी मेख त्या 'नवऱ्याने' या शब्दात. नांदवणारा नवरा अर्ज करील एखादवेळेस. टाकून देणारा कशाला करतोय? नवऱ्याचं मन जिथे संपतं तिथून संगमनेरची बाई सुरू होत होती. या दोन चळवळी एका मांडवात बसायला हव्या होत्या, असं मला आजही वाटतं.

कायद्याने मधला रस्ता काढला तो लेकीच्या बाजूने. २२ जून १९९४ला महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हिस्सा दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. म्हणजे ज्या बायकांनी मोर्चे काढले, त्यातल्या बहुतेक जणी बाहेरच. ती भिंत पडली २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने. आणि हिस्सा मिळायला तेव्हा वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये मिटवला.

मिटला तो कोर्टात. गावात त्याला उत्तर तयार होतं: हक्कसोड. भाऊ गाडी घेऊन बहिणीला न्यायला येतो, साडीचोळी होते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उठतो. बहीणही खुळी नसते. उद्या नवऱ्याने टाकलं तर जायला दार हवं, म्हणून ती हिस्सा सोडून माहेर राखते. परित्यक्तांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा हिशेब चुकीचा म्हणवत नाही.

ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली गेली. मला तो समारंभ सातबाऱ्याच्या गोष्टीतलाच वाटतो. ज्या घरात पोरीचं नावच 'नको' असं ठेवलं, तिथे ते फेरफाराच्या नोंदीत कोण घालणार?

कोरोनानंतर सातबाऱ्याचा हाच जुना कागद नव्या हातांत आला. साथीत नवरे गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णींच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांसोबत महिला किसान अधिकार मंच काम करतच होता. आता बायकांना वारसनोंद, फेरफार, उतारा हे शब्द पाठ असतात. तलाठ्याकडून उतारा घेतला की आधी मालकाचं नाव वाचायचं नाही, उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना बघायचा, हेही त्या एकमेकींना सांगतात. भोगवटदाराच्या जागी मुलगा किंवा दीर असतो. विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचा बोजा लिहितात त्या रकान्यात, बारीक अक्षरात, बाई असते.