पडद्यावरचे हरवलेले थांबे

मोबाइलच्या अतिवापराविषयी घरांत, पालकसभांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जी चर्चा होते तिचा रोख बहुधा वापरणाऱ्याच्या मनोनिग्रहाकडे असतो. मन खंबीर असेल तर फोन बाजूला ठेवता येतो आणि तो ठेवता येत नसेल तर उणीव त्या माणसाची, असे त्यात गृहीत धरलेले असते. मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र यांतील अलीकडच्या संशोधनाने हे गृहीतक पुष्कळच डळमळीत केले आहे. माणसाचा संयम भोवतालच्या वस्तूंच्या मांडणीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, आणि म्हणून ती मांडणी ठरवणारे अभियंते व कंपन्या यांनाही त्या संयमाचा हिशेब द्यावा लागेल, असा विचार त्यातून पुढे आला आहे.

इच्छाशक्ती हा वापरला की खर्च होणारा साठा आहे, हा सिद्धान्त रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडला आणि तो पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला. परंतु २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर त्याची फेरतपासणी केली तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. याउलट वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात लहान मुलांवर जे प्रसिद्ध प्रयोग सुरू केले, त्यांतील एक तपशील आज अधिक मोलाचा वाटतो. समोरचा खाऊ लगेच न खाता वाट पाहिली तर जास्त खाऊ मिळेल, असे सांगितलेल्या मुलांपैकी ज्यांच्यासमोरचा खाऊ झाकून ठेवला होता ती मुले अधिक वेळ थांबू शकली, आणि उघड्या खाऊसमोर तग धरणाऱ्यांनीही तोंड फिरवणे, गाणे म्हणणे अशा युक्त्यांचा आधार घेतला. दिवाळीत चकल्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवणाऱ्या आईला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. मोहाशी झुंजण्यापेक्षा मोहाची जागा बदलणे सोपे असते, आणि फोनच्या बाबतीत अडचण अशी की ती जागा वापरणाऱ्याच्या हाती क्वचितच असते.

डिजिटल माध्यमांच्या मांडणीत झालेला सर्वांत मोठा बदल म्हणजे थांब्यांचा लोप. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, दूरदर्शनचे प्रक्षेपण एके काळी रात्री बंद होत असे. अशा प्रत्येक ठिकाणी पुढे जायचे की उठायचे, हा प्रश्न आपोआप उभा राहत असे. इंटरनेटवरही सुरुवातीला ‘पुढील पान’ असे बटण दाबावे लागे. २००६ मध्ये अझा रास्किन या रचनाकाराने, वाचकाचा एक क्लिक वाचावा या हेतूने, खाली सरकताच नवा मजकूर आपोआप येत राहील अशी अखंड स्क्रोलची पद्धत तयार केली आणि पुढे तिचे परिणाम पाहून स्वतःच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. व्हिडिओ संपताच दुसरा सुरू करणारा ऑटोप्ले आणि लागोपाठ येणाऱ्या रील्स ही याच तत्त्वाची पुढची रूपे होत.

या अखंडपणाला अनिश्चित बक्षिसाची जोड मिळाली. बक्षीस प्रत्येक वेळी न देता अधूनमधून आणि अनपेक्षितपणे दिले तर प्राणी तीच कृती चिवटपणे करत राहतो, हे चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांतून विस्ताराने दाखवले होते, आणि लास वेगासमधील जुगाराची यंत्रे याच नियमावर चालतात. पडदा खाली ओढून ताजा मजकूर मागवण्याची जी क्रिया लॉरेन ब्रिक्टर यांनी २००९ मध्ये ट्विटरसाठीच्या एका ॲपमध्ये आणली, तिच्यात प्रत्येक ओढीनंतर काय येईल हे ठाऊक नसते. दहा वेळा काहीच नसते आणि अकराव्या वेळी कोणाचा तरी हवाहवासा निरोप असतो. अशा रचनेत मनाचे दोन व्यवहार एकमेकांविरुद्ध उभे राहतात: एक सवयीचा, जो संकेत मिळताच विचाराविना बोटे हलवतो, आणि दुसरा हेतूचा, जो संथ असतो व त्याला जागे व्हायला क्षणभर उसंत लागते. अखंड स्क्रोल ती उसंतच काढून घेतो.

गूगलमध्ये काम करणाऱ्या ट्रिस्टन हॅरिस यांनी २०१३ मध्ये वापरकर्त्यांच्या अवधानाचा आदर राखण्याविषयीचे टिपण सहकाऱ्यांपुढे ठेवले आणि पुढे कंपनीबाहेर पडून या विषयावर मोहीम उभारली. २०१८ मध्ये गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ या सोयी फोनमध्ये आणल्या. कोणत्या ॲपवर किती वेळ गेला याचा आलेख आणि वापराला घालता येणारी मर्यादा हे त्यांचे मुख्य अंग. मात्र वापरकर्त्याने स्वतः घातलेली मर्यादा संपल्याचा फलक सहज बाजूला सारता येतो. आलेख ही या सर्व उपायांतील सर्वांत दिसणारी, सर्वांत दुबळी आणि कंपन्यांना सर्वांत कमी महाग पडणारी गोष्ट आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या दाव्यामुळे २०२४ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, टिकटॉकने किशोरवयीनांसाठी आणलेल्या ६० मिनिटांच्या मर्यादेच्या सोयीने त्यांचा रोजचा वापर सुमारे १०८.५ मिनिटांवरून १०७ मिनिटांवर आला, म्हणजे दीड मिनिटाने घटला.

यापेक्षा भक्कम उपाय कोणते, याचा शोध घेताना ऑक्सफर्ड विद्यापीठातील उल्रिक लिंग्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आत्मनियंत्रणासाठी बाजारात असलेल्या ३६७ ॲप्सची आणि ब्राउझरच्या जोडण्यांची पाहणी केली. काही साधने मोहाची गोष्ट अडवतात किंवा नाहीशी करतात, काही वापराची नोंद ठेवतात, काही ठरवलेल्या कामाची आठवण देतात, तर ‘फॉरेस्ट’सारखी काही बक्षीस वा शिक्षा देतात, ठरलेली वेळ संपण्याआधी ॲप सोडले की त्यातले चित्रातले झाड वाळते. निम्म्याहून कितीतरी अधिक साधने पहिल्या, म्हणजे अडवण्याच्या, प्रकारातली निघाली. त्याच गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांच्या फेसबुकवरील फीड, म्हणजे मुख्य पानावरचा अखंड मजकूर, काढून टाकली आणि इतर काहींना ‘येथे कशासाठी आलात’ याची आठवण देणारा फलक दाखवला. दोन्ही उपायांनी मदत झाली, पण फलक काहींना त्रासदायक वाटू लागला आणि फीड गेल्यावर काहींना आपले काही महत्त्वाचे निसटेल अशी हुरहुर लागली.

इच्छा आणि कृती यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेला छोटा अडसर हा उपाय अधिक आशादायक दिसतो. ‘वन सेक’ हे जर्मनीत तयार झालेले ॲप निवडलेले माध्यम उघडताना काही क्षण थांबवते, त्याआधी ते किती वेळा उघडण्याचा प्रयत्न झाला हे सांगते आणि परत फिरण्याचा पर्याय देते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३६ टक्के वेळा लोक तो थांबा येताच माघारी फिरले, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत मुळात उघडण्याचे प्रयत्नच पहिल्या आठवड्याच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी झाले. थांबण्याच्या क्षणांचा उपयोग झाला, परत फिरण्याच्या पर्यायाचा त्याहून अधिक झाला, परंतु विचार करायला सांगणाऱ्या संदेशाचा फारसा झाला नाही. उपदेशापेक्षा उघडे दार कामी येते, ही गोष्ट पालकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

अशा अडसराचा सर्वांत मोठा सामाजिक प्रयोग भारतातच झाला. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या व्हॉट्सॲपवरील अफवांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली, आणि देशात अन्यत्रही अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, जी जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. कोणाचेही मत बदलले नव्हते आणि संदेश कोणी तपासतही नव्हते. तरीही पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशांत सुमारे २५ टक्के घट झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

आपण किती वापरतो आणि आपल्याला किती वापरायचे असते, यांतील अंतर अर्थशास्त्रज्ञांनीही मोजले आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकाउ आणि लीना साँग यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगावर आधारलेल्या निबंधात, समाजमाध्यमांच्या वापरापैकी सुमारे ३१ टक्के वापर आत्मनियंत्रणाच्या अडचणीमुळे होतो असा अंदाज मांडला. दुसऱ्या दिवसासाठी स्वतःच मर्यादा ठरवण्याची सोय दिल्यावर वापर लक्षणीय घटला. आजच्या शांत मनाने उद्याच्या चंचल मनाला बांधून घ्यायला माणसे तयार असतात, असा त्याचा अर्थ.

तथापि पूर्ण बंदी हे उत्तर नव्हे. भारतातील वापरकर्त्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नोटिफिकेशन दिवसातून तीन वेळा एकत्र मिळणाऱ्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली, पण ज्यांची नोटिफिकेशन सर्वथा बंद केली त्यांची चिंता वाढली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार स्वायत्तता, कर्तबगारीची जाणीव आणि माणसांशी नाते या मनाच्या मूलभूत गरजा होत, आणि बाहेरून लादलेले कुलूप त्यांतील पहिलीलाच धक्का देते. म्हणून मर्यादा कोणती आणि केव्हा, हे वापरणाऱ्याने ठरवावे आणि ती पाळणे सोपे करण्याचे काम यंत्राने करावे, ही विभागणी सर्वांत न्याय्य ठरते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ही निवड एकेकट्यावर न सोडता सामूहिक केली. २०२२ च्या ऑगस्टपासून तेथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात आहे. ही युक्ती तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अगदी साधी आहे, परंतु सर्वांचेच फोन एकाच वेळी बंद असल्याने काही निसटण्याची भीती तिच्यात उरत नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही ॲपला एकट्याने साधलेली नाही.

प्रश्न उरतो तो हितसंबंधांचा. ज्या कंपनीचे उत्पन्न पडद्यावरच्या मिनिटांवर अवलंबून आहे, तिने स्वखुशीने थांबे परत आणावेत ही अपेक्षा भोळी आहे. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये चौकशी सुरू केल्यानंतर, व्हिडिओ पाहण्याबद्दल गुण देणारी ‘टिकटॉक लाइट’मधील योजना कंपनीने मागे घेतली आणि ती युरोपीय संघात पुन्हा न आणण्याचे बंधन ऑगस्टमध्ये स्वीकारले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची फसगत करणाऱ्या १३ रचनांवर निर्बंध घातले, ज्यांत खोटी घाई, गुपचूप वाढवलेले बिल, रद्द करता न येणारी वर्गणी आणि सततचा तगादा यांचा समावेश आहे. अखंड स्क्रोल आणि ऑटोप्ले मात्र त्या यादीत नाहीत.