मागच्या दाराची कडी

घरात एकटं राहायला लागलं की थोड्याच दिवसांत रात्रीचे आवाज पाठ होतात. टाकीत पाणी चढायला लागलं की पाइप खरखरतो. फ्रिज मधूनच थरथरून गप्प होतो. मागच्या बोळातल्या पत्र्यावर मांजर उडी मारतं तेव्हा एकच दणका होतो आणि पाठोपाठ नखांची खरवड ऐकू येते. पुण्यातल्या माझ्या तळमजल्याच्या घरात हे सगळं झोपेतही ओळखू येतं, म्हणून झोपमोड होत नाही. त्या रात्री दोननंतर जाग आली ती मोरीकडच्या दाराच्या कडीने. बाहेरून दार दाबलं की आतली कडी कोयंड्यात वाजते. ती वाजली, थांबली, पुन्हा वाजली. शेजारच्या खिडकीचा पडदा हलत नव्हता, म्हणजे वारा नव्हता.

पोलिसांना सांगायचं काय, हा प्रश्न भीतीच्या आधी उभा राहतो. नुसती कडी वाजली म्हणून गाडी मागवायची? एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींशी हे बोलले आहे, आणि बहुतेकींचा क्रम सारखाच असतो. आधी दिवा लावून कानोसा घ्यायचा, मग भावाला फोन, मग समोरच्या काकांना, आणि पोलीस अगदी शेवटी. या क्रमाची मला फार काळजी वाटते. नाशिकचा भाऊ कितीही धावला तरी पुण्यातल्या बोळात वेळेवर पोचणार नाही, आणि त्याला सगळं समजावून सांगण्यात जी मिनिटं जातात तीच नेमकी हाताशी असतात. दिवा लावून दाराशी गेलं की बाहेरच्याला आपण दिसतो, तो मात्र आपल्याला दिसत नाही.

मी अंधारातच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन खाली बसले आणि ११२ लावला.

पूर्वी पोलिसांचा १००, अग्निशमनाचा १०१ असे वेगवेगळे आकडे लक्षात ठेवावे लागत. आता ११२ हा एकच आकडा देशभर चालतो. महाराष्ट्रात या फोनचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, दुसरं नागपुरात. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती आणि तिचा त्या रात्री सर्वांत जास्त उपयोग झाला. फोन उचलणारी व्यक्ती आपल्या गल्लीतल्या ठाण्यात बसलेली नसते. ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हटलं तर तिने कोणता मारुती धरायचा? फोनचं अंदाजे ठिकाण त्यांच्या पडद्यावर येऊ शकतं, पण इमारत, मजला आणि शिरायची वाट आपणच सांगायची असते. म्हणून पत्ता मोठ्याकडून लहानाकडे सांगावा: जिल्हा, शहर, पोलीस ठाणं, रस्ता, इमारत, मजला, आणि शेवटी खूण.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. माझा आवाज दबका आहे हे तिने लगेच ओळखलं.

“ताई, मोठ्याने बोलू नका, चालेल. घरात तुम्ही एकट्याच आहात?”

“हो.”

“कोणी आत आलंय का?”

“नाही. मागचं दार दाबतायत. दोनदा कडी वाजली.”

“कोणी दिसलं का?”

“नाही. फक्त आवाज.”

पत्ता, नाव, मागच्या दाराला जायचा रस्ता कुठून, आतून कुलूप आहे का, असं तिने एकामागून एक विचारलं. ‘फक्त आवाज’ यावर ती अडली नाही. खात्री आहे का, असंही तिने विचारलं नाही. खात्री करणं हे फोन करणाऱ्याचं काम नाहीच. त्यासाठीच तर पोलीस बोलवायचे. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा होतो, पण प्रामाणिकपणे वाटलेली शंका पोकळ निघाली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. हे घराघरात माहीत असायला हवं.

केंद्रात नोंदलेली माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून हद्दीत गस्तीवर असलेल्या गाडीवरच्या टॅबसारख्या यंत्रावर. मला हे कळलं ते पुढच्या फोनमुळे. अनोळखी मोबाईल नंबर होता, बोलणारे बीट मार्शल होते. “ताई, निघालोय. आम्ही सांगेपर्यंत दार उघडू नका.”

मधला वेळ पाव तासाच्या आतबाहेरचा असेल. या वेळात करण्यासारखं थोडंच असतं, पण ते आधी ठरवलेलं हवं. मी फोन आवाज बंद करून हातात ठेवला, किल्ल्या उशाखालून घेतल्या आणि झोपायच्या खोलीचं दार आतून लावलं. बाहेरच्या दिव्याचं बटण त्या खोलीत असतं तर बरं झालं असतं. इलेक्ट्रिशियनकडून ते नंतर करून घेतलं, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं असं मला वाटतं.

मोटारसायकल सायरन न वाजवता आली. दोघे होते. एक जण पुढच्या दाराशी थांबला, दुसरा टॉर्च घेऊन बोळात गेला. पुढच्याने खिडकीतून ओळखपत्र दाखवलं तेव्हाच मी दार उघडलं. मग मीही मागे गेले आणि तो कसा बघतो ते पाहत राहिले. दाराकडे तो आधी वळलाच नाही. आधी कुंपणाच्या भिंतीचा माथा टॉर्चने पुढून मागे तपासला. एके ठिकाणी शेवाळ ताजं खरवडलेलं होतं. खाली माझी कपडे धुवायची बादली पालथी घालून भिंतीला टेकवलेली. संध्याकाळी ती मी नळाखाली ठेवली होती. माणूस मिळाला नाही.

त्याने फोटो काढले, वेळ लिहिली, सकाळी ठाण्यात येऊन अर्ज द्यायला सांगितलं. जाताना म्हणाला, “आवाज आला तेव्हाच फोन केलात ते बरं केलंत. लोक आत माणूस दिसेपर्यंत थांबतात.”

तेव्हापासून मला सगळ्यात जास्त आठवते ती जुन्नर तालुक्यातली मावशी. वस्तीवर घर, चहूबाजूंनी ऊस, मुलं चाकणला. तिथे रात्रीची भीती माणसांइतकीच बिबट्याचीही असते, आणि पोलिसांची गाडी पोचायला शहरापेक्षा जास्त वेळ लागतो. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत यासाठी ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरवर फोन करून बोललं की आपलाच आवाज गावातल्या नोंदणी झालेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी वाजतो. चोर आला तरी, बिबट्या गोठ्याशी आला तरी. नाव आधी नोंदवलेलं असावं लागतं. मावशीने विचारलं, “मी घाबरून नीट बोलले नाही तर?” गावात तिचा आवाज कोण ओळखत नाही, असं पोलीस पाटलांनीच तिला सांगितलं.

तिचा फोन साधा, बटणांचा. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या अशा फोनमध्ये ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की संकटाचा फोन जायला हवा. आम्ही तिच्या फोनवर कोणतं बटण आहे ते दिवसाउजेडी दुकानदाराकडून समजून घेतलं आणि त्यावर लाल टिकली चिकटवली.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, वृद्धांची यादी ठेवायची असते आणि महिन्यातून एकदा तरी त्यांची विचारपूस करायची असते. दिवाळीत मावशीला घेऊन मी ठाण्यात गेले. हवालदारांनी नाव, वय, आजार, मुलांचे नंबर लिहून घेतले. मग विचारलं, “घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?” शेजारच्या वस्तीवरच्या वहिनींकडे, मावशी म्हणाली. त्यांचा नंबरही त्याच ओळीत लिहिला गेला.