पाठीवर सॅक, बुटात खडा

दत्तजयंती जवळ आली की आपल्या जिल्ह्यातून नृसिंहवाडीकडे पायी जाणाऱ्यांची संख्या वाढते. पौर्णिमेची वारी करणारे तर वर्षभर असतात. पूर्वी खांद्याला शबनम आणि हातात पाण्याचा तांब्या एवढेच सामान असे. आता तरुण मुलेच नव्हे, तर पन्नाशी-साठीतली मंडळीही पाठीवर सॅक अडकवून निघतात. ही चांगलीच गोष्ट आहे. चालण्यासारखा स्वस्त आणि निर्धोक व्यायाम नाही, असे मी या सदरात अनेकदा लिहिले आहे. पण 'निर्धोक' या शब्दाला एक अपवाद आहे आणि तो मला माझ्याच मित्राच्या पायाने शिकवला. आज त्याविषयी.

आधी थोडे या सॅकविषयी. 'रकसॅक' हा शब्द मूळचा जर्मन. अर्थ सरळ आहे, पाठीवरची पिशवी. जर्मनीत शाळकरी पोरांना घेऊन पायी भटकणारे रिशार्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते. वाटेत मुक्कामाची सोय नसल्याने होणारे हाल त्यांनी पाहिले आणि १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात युथ हॉस्टेल सुरू केले. आज जगभर जी युथ हॉस्टेले दिसतात, त्यांची सुरुवात तिथली. मित्रांनी मिळून पाठीवर सामान घ्यावे, गावोगाव चालत जावे, मिळेल तिथे साधा मुक्काम करावा, ही कल्पना आपल्याला मात्र नवी नाही. आपली वारी दुसरे काय असते?

आमची सहल

आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचे मित्र. एका डिसेंबरात ठरवले की कोल्हापूरहून पायी वाडीला जायचे. अंतर सुमारे ४५ ते ५० किलोमीटर. पहिला मुक्काम हातकणंगल्याला, दुसऱ्या दिवशी जयसिंगपूर, शिरोळ करत वाडी आणि तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडवरून खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ पाहून एसटीने परत. सगळे उत्साहात होते. मी डॉक्टर म्हणून औषधांची पिशवी माझ्याकडे. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सगळे मास्तरच म्हणतो. त्यांना ११ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या वेळेवर घेणारे, रोज सकाळी फिरायला जाणारे. त्यामुळे त्यांची कोणाला काळजी वाटली नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जो तो लंगडू लागला. कोणाची टाच, कोणाची करंगळी. जयसिंगपूरच्या पुढे दोघांनी बूट काढून पायाला चिकटपट्ट्या लावल्या. उसाच्या गाड्यांच्या धुरळ्यातून मास्तर मात्र पुढेच. "तुम्ही सगळे म्हातारे झालात," असे आम्हाला हिणवतही होते.

संध्याकाळी वाडीला पोचलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी आमची दशा पाहून मोठ्या घमेल्यात कढत पाणी मीठ घालून आणून ठेवले. आम्ही दोघांनी पाय घातले आणि "पोळलं, पोळलं" म्हणत लगेच वर काढले. मास्तरांनी त्याच घमेल्यात पाय सोडले आणि शांतपणे म्हणाले, "कोमटच आहे की रे!"

क्षणभर सगळे हसले. मी मात्र त्यांचे पाय धरून बाहेर काढले. उजवा तळवा उलटा करून पाहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा फोड फुटून कातडे सुटलेले, आत लालभडक. काढून ठेवलेला मोजा रक्ताने भिजलेला. बूट झटकला तर हरभऱ्याएवढा खडा पडला. तो खडा बुटात कधी शिरला, हे मास्तरांना सांगता येईना. निदान काही तास तरी ते त्याच्यावर चालत होते.

जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुतली, स्वच्छ गॉज बांधला आणि उद्याचे खिद्रापूर रद्द, असे सांगितले. मास्तर रागावले. म्हणाले, "अरे, दुखत नाही तर चालायला काय हरकत आहे?"

वाचकहो, आजचा सगळा लेख या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

दुखणे हा पहारेकरी

आपल्याला वाटते की दुखणे म्हणजे शत्रू. प्रत्यक्षात तो पहारेकरी आहे. निरोगी माणसाच्या बुटात वाळूचा कण गेला तरी दहा पावलांत तो थांबतो. लांब चालताना तळव्याचा एक भाग दुखू लागला की आपण नकळत चाल बदलतो, भार दुसरीकडे टाकतो. हे आपण विचार करून करत नाही. पायाच्या नसा मेंदूला कळवतात आणि मेंदू पायाला आज्ञा देतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली तर या नसांना इजा होते. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायाकडे जातात, म्हणून पहिला फटका पायाच्या बोटांना बसतो. काहींना मुंग्या येतात, जळजळ होते, गादीवरून चालल्यासारखे वाटते. पण पुष्कळांना काहीच होत नाही. संवेदना इतकी हळूहळू जाते की गेल्याचे कळत नाही. त्याच वेळी पायाला घाम येणे कमी होऊन कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. पायाचा रक्तपुरवठाही कमी झाला असेल तर झालेली जखम लवकर भरत नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा अभ्यास सुरू केला. रोगाने बोटे 'झडतात' हा तेव्हाचा समज. त्यांनी दाखवून दिले की पुष्कळशी हानी रोगाने थेट होत नाही. वेदना कळत नसल्याने रोज होणाऱ्या भाजण्या-कापण्याने आणि जखमेवरच चालत राहिल्याने ती होते. मधुमेहाच्या पायाला हेच सूत्र लागू पडते. म्हणून मास्तरांना माझे उत्तर होते, "दुखत नाही, म्हणूनच चालायचे नाही."

घरच्या घरी करायची तपासणी

नसांची तपासणी डॉक्टर एका नायलॉनच्या तंतूने करतात. पण घरच्या माणसालाही करता येईल अशी एक सोपी पद्धत इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ती अशी :

मधुमेही व्यक्तीने झोपून किंवा पाय लांब करून डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने तिच्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत. दोन्ही पायांची मिळून ६ बोटे होतात. स्पर्श कळला की तिने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावे. ६ पैकी २ किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना पाय दाखवावेत.

दोन मिनिटांचे काम. निघण्याच्या आदल्या दिवशी मी ते मास्तरांच्या घरी केले असते तर पुढचे टळले असते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांच्या साखरेचा आकडा मी विचारला, पाय पाहिले नाहीत.

सॅक कशी भरावी

आता सर्वांसाठी. सवय नसलेल्याने आपल्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओझे घेऊ नये. ६० किलोच्या माणसाने ६ ते ९ किलो, तेही पाण्यासकट. जड वस्तू पाठीला लागून मधल्या उंचीवर ठेवाव्यात. सॅकला कमरेचा पट्टा असतो, तो शोभेचा नाही. तो कंबरेच्या हाडावर घट्ट बांधला की बराचसा भार खांद्यावरून उतरतो. नुसत्या खांद्याच्या पट्ट्यांवर जड ओझे तासन्‌तास राहिले तर खांद्याजवळून जाणाऱ्या नसा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा येतो. असे झाल्यास सॅक लगेच उतरवावी. आणि हे ध्यानात घ्या की पाठीवरचे प्रत्येक किलो शेवटी तळव्यावरच येते.

फोड येऊ नयेत म्हणून

फोड नुसत्या घासण्याने येत नाही. बूट आणि मोजा कातडीला एका दिशेला ओढतात, आतले हाड दुसऱ्या दिशेला सरकते, आणि कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात. ओलावा आणि उष्णता असेल तर हे लवकर घडते. म्हणून :

१) नवे बूट घालून यात्रेला निघू नये. आधी दोन-तीन आठवडे वापरावेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात.

२) निव्वळ सुती मोजा घामाने भिजला की ओलाच राहतो. लोकरीचा किंवा खेळाडू वापरतात तसा मोजा बरा. जादा जोड जवळ ठेवावा, दुपारी बदलावा.

३) एखाद्या जागी ऊन लागल्यासारखे चुरचुरले की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. 'पुढच्या गावात बघू' म्हणू नये.

४) लहान फोड फोडू नये. वरचे कातडे हीच उत्तम पट्टी. सुई-दोरा ओवून ठेवण्याची जुनी पद्धत सोडावी. त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात. हळद, चुना काही लावू नये. फुटलेला फोड नदीच्या पाण्यात भिजवू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी

मधुमेही माणसाने चालू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. चालणे त्यांचे औषधच आहे. पण लांबच्या वाटचालीपूर्वी डॉक्टरांकडून पाय आणि बूट दोन्ही तपासून घ्यावेत. अनवाणी चालण्याचा नवस संवेदना गेलेल्या पायांनी करू नये. घाटाच्या पायऱ्या उन्हाळ्यात भर दुपारी तापतात, तेव्हा दर्शन सकाळी लवकर घ्यावे. दर तासाला बूट काढून झटकावा, आत हात फिरवावा, तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर छोटा आरसा जवळ ठेवावा. गरम पाण्यात पाय सोडण्यापूर्वी कोपर बुडवून पाहावे, किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावे. कुरूप काढण्याच्या औषधी पट्ट्या लावू नयेत. जखमेभोवती लाली, सूज, ऊब, पू, वास किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरी गोष्ट साखर उतरण्याची. इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर जास्त चालल्याने एकदम उतरू शकते, कधी त्याच रात्रीही. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे, मग जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. वाडीचा पेढा आणि बासुंदी कितीही गोड असली तरी इथे कामाची नाही. दुधातल्या स्निग्धांशामुळे त्यांतली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. औषधाचा डोस मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नये. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना घेऊन मी परतलो. बाकीचे खिद्रापूरला गेले. जखमेवर भार पडू नये म्हणून मास्तरांना पाय टेकवू दिला नाही, रोज ड्रेसिंग केले. जखम भरायला सात आठवडे लागले. पाय वाचला. चार दिवस उशीर झाला असता आणि जंतू हाडापर्यंत गेले असते, तर एखादे बोट, कदाचित त्याहूनही जास्त, गमवावे लागले असते. असे रुग्ण मी पाहिले आहेत.

पुढच्या वर्षी मास्तर पुन्हा आले. मऊ तळाचे, रुंद बूट घालून, ५ किलोची सॅक घेऊन. दर तासाला आम्ही सगळे रस्त्याकडेला बसून बूट झटकायचो. एकट्या मास्तरांना वेगळे वाटू नये म्हणून आम्हीही. वाडीला काकूंनी पाणी आणले तेव्हा मास्तरांनीच मला हाक मारली, "डॉक्टर, आधी तुमचं कोपर!"

वाडीला आपण पादुकांपुढे डोके टेकतो. तिथवर नेणाऱ्या आपल्या पावलांकडेही रोज रात्री एकदा पाहावे, एवढेच सांगणे.