क्रमांक गेला, जबाबदारी कुठे गेली?

रस्त्याला क्रमांक असतो तो प्रवाशाच्या सोयीसाठी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जालन्याहून अंबडला निघालेल्या एसटीतील उतारूला आपण कोणत्या क्रमांकाच्या मार्गावरून जात आहोत, याची क्वचितच फिकीर असते. क्रमांकाची खरी गरज असते ती हिशेबाला. रस्ता कोणाच्या वहीत नोंदलेला आहे, त्याची खडी आणि डांबर कोणत्या तिजोरीतून यायचे आणि पावसाळ्यात मोरी वाहून गेली तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या क्रमांकावरून ठरते. म्हणूनच गेल्या दीड दशकात अनेक राज्यमार्गांचे जुने क्रमांक पुसले गेले, ही घटना वाटते तितकी किरकोळ नाही.

तिजोरीचा इतिहास

रस्ते आणि तिजोरी यांचे हे नाते जुने आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस केली आणि १९२९ मध्ये तो निधी अस्तित्वात आला. १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची उतरंड लावून दिली. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने वरच्या पायरीची मालकी व देखभाल केंद्राकडे सोपविली. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिले, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राम मार्ग जिल्हा परिषदांकडे आले.

मराठवाडा या व्यवस्थेत उशिरा सामील झाला. निजामी राजवटीत १९३२ पासून रेल्वे आणि मोटार वाहतूक एकाच सरकारी खात्याच्या हाती होती. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. १९७२ च्या दुष्काळात येथील कितीतरी रस्त्यांची खडी भुकेल्या हातांनी फोडलेली आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेले रस्ते अशा श्रमांतून उभे राहिलेले होते.

बढती आणि पदावनती

रस्त्याचा क्रमांक दोन प्रकारे जातो. पहिला प्रकार बढतीचा. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांची फेरमांडणी झाली. उत्तर-दक्षिण मार्गांना सम, पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आणि शाखांना तीन आकडी क्रमांक देण्यात आले. अंबड तालुक्यातील वडीगोद्री व शहागडवरून जाणारा सोलापूर–धुळे हा २११ क्रमांकाचा महामार्ग ५२ क्रमांकात विलीन झाला. पुढे मलकापूर–बुलडाणा–चिखली–देऊळगाव राजा–जालना हा रस्ता ७५३ अ झाला, तर शेगावहून लोणार, मंठा, परतूर, माजलगावमार्गे जाणारा रस्ता ५४८ क झाला. देशातील राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर होती. २०२३ पर्यंत ती १ लाख ४६ हजारांवर गेली. या वाढीचा मोठा भाग म्हणजे पाटी बदललेले राज्यमार्गच होत. हिरव्या माथ्याच्या दगडांच्या जागी पिवळ्या माथ्याचे दगड आले.

दुसरा प्रकार पदावनतीचा. बाह्यवळण रस्ता झाला की गावातून जाणारा जुना तुकडा महामार्गाच्या यादीतून वगळला जातो आणि खालच्या संस्थेच्या हवाली होतो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली, तेव्हा तर अनेक राज्यांनी शहरांतून जाणारे महामार्गांचे तुकडे घाईने यादीतून काढून टाकले. दुकाने वाचावीत म्हणून रस्त्याचा दर्जाच उतरविण्याचा हा प्रकार होता. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीपुरता खुलासा केला. परंतु रस्त्याचा दर्जा रस्त्याशी संबंध नसलेल्या कारणानेही बदलू शकतो, हे त्यातून दिसून आले.

दोन खुर्च्यांच्या मधले

बढतीने पैसा येतो, रुंदीकरण होते, पूल होतात. मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार बढतीविषयी नाही, मधल्या काळाविषयी आहे. रस्ता तत्त्वतः राष्ट्रीय ठरला की आता खर्च केंद्र करील, असे राज्याने म्हणावे. अंतिम अधिसूचना आणि मंजुरी येईपर्यंत केंद्राने थांबावे. आणि तेवढ्यात दोन पावसाळे निघून जावेत. पदावनत तुकड्याची गोष्ट याहून बिकट आहे. तो ज्या पालिकेच्या पदरात पडतो, तिच्याकडे रस्ता येतो, पण त्याच्या देखभालीचा पैसा त्याच्याबरोबर येईलच, याची शाश्वती नसते.

डागडुजी लांबविण्याचा हिशेब अर्थशास्त्राने केव्हाच मांडला आहे. जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालानुसार आफ्रिकेत १२ अब्ज डॉलरची दुरुस्ती वेळेवर झाली असती, तर फेरबांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. उद्घाटनाला फीत असते, दुरुस्तीला नसते. म्हणून अर्थसंकल्पात नव्या रस्त्यापुढे जुना रस्ता नेहमी मागे पडतो.

जालन्याला हा धोका अधिक आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यावर दुचाकीला वा बैलगाडीला वाव नाही. मोसंबी बागेतून अडतीवर येते, विद्यार्थी महाविद्यालयात येतो, कामगार सळईच्या कारखान्यात जातो, ते सारे जुन्याच रस्त्याने. द्रुतगती मार्ग आला म्हणून हा रस्ता निवृत्त होत नाही.

तेव्हा क्रमांक बदलण्याला तीन अटी असाव्यात. स्वीकारणाऱ्या संस्थेने रस्ता लेखी ताब्यात घेतल्याखेरीज जुना क्रमांक रद्द होऊ नये. हस्तांतरणाबरोबर निदान पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद वर्ग व्हावी. आणि जिल्ह्यातील प्रत्येक रस्त्याच्या जबाबदार कार्यालयाची यादी दरवर्षी तहसील कचेरीत व जिल्हा परिषदेत लावली जावी. यांपैकी एकाही अटीला नवा कायदा लागत नाही. नागरिकाला रस्त्याचा क्रमांक पाठ नसला तरी चालेल. खड्ड्याचा अर्ज कोणत्या दारी द्यायचा, एवढे मात्र त्याला कळलेच पाहिजे.