आवाज बसतो घशात, कारण असते छातीत



छातीत काय असते, असे कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते : हृदय आणि दोन फुप्फुसे. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. दोन फुप्फुसांच्या मधोमध एक कप्पा असतो. हृदय त्याच कप्प्यात राहते. त्याच्या शेजारी श्वासनलिका, अन्ननलिका, शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या, मेंदूकडून आलेले महत्त्वाचे मज्जातंतू आणि अनेक लहान गाठी दाटीवाटीने बसलेल्या असतात. डॉक्टर या जागेला मेडियास्टायनम म्हणतात. आम्ही या लेखात तिला ‘मधला कप्पा’ म्हणणार आहोत.

या कप्प्याची ओळख करून देण्याचे कारण असे की, येथील आजार बऱ्याचदा छातीत दुखून कळत नाही. गाठ छातीत वाढते आणि आवाज बसतो. शीर छातीत दबते आणि चेहरा सुजतो. मग घरातले लोक घशाच्या गोळ्या आणतात, कोणी नजर उतरवते, कोणी पित्ताचे चूर्ण देते. यात महिने निघून जातात आणि जो आजार वेळेवर आटोक्यात आला असता तो हाताबाहेर जातो. कोणता अवयव कोणाच्या शेजारी आहे एवढे जरी कळले, तरी ही लक्षणे ओळखता येतात.

कप्प्याच्या भिंती

मधल्या कप्प्याची पुढची भिंत म्हणजे छातीचे मधले हाड. मागची भिंत म्हणजे पाठीचा कणा. दोन्ही बाजूंना फुप्फुसे. वर मानेकडे जाणारी वाट आणि खाली छाती व पोट वेगळे करणारा स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल.

आपल्या गळ्याच्या खाली, दोन आडव्या हाडांच्या मध्ये जो खळगा असतो, त्यावर बोट ठेवा. तेथून बोट सरळ खाली सरकवा. साधारण दोन इंचांवर हाडाचा एक आडवा उंचवटा लागतो. दुसरी बरगडी येथेच जोडलेली असते. याच पातळीवर आत श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, आणि सर्वांत मोठ्या रोहिणीची कमान येथेच सुरू होऊन येथेच संपते. या उंचवट्यापासून मागे पाठीच्या कण्यापर्यंत एक रेघ मनात ओढली, की कप्प्याचे दोन मजले होतात. वरच्या मजल्यावर मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मज्जातंतू असतात. खालच्या मजल्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग पडतात. मधल्या भागात हृदय असते. मागच्या भागातून अन्ननलिका आणि मोठी रोहिणी खाली उतरतात.

हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या

हृदय आपल्या मुठीएवढे असते. ते अगदी डावीकडे असते असा समज आहे. प्रत्यक्षात ते मध्यभागी असून त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकलेला असतो. म्हणूनच हृदयविकाराचा झटका आला, की बहुतेकदा छातीच्या मधोमध दाब जाणवतो. हृदयाच्या वेदना वाहून नेणारे तंतू आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतू मज्जारज्जूच्या जवळपास एकाच पातळीवर पोचतात. त्यामुळे मेंदूला वेदनेचे ठिकाण नेमके कळत नाही. दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवते, आणि ‘गॅस झाला’ म्हणून माणूस घरी थांबतो.

हृदयाच्या डाव्या बाजूतून महारोहिणी निघते. ती आधी वर जाते, मग कमानीसारखी मागे व डावीकडे वळते आणि कण्याच्या बाजूने खाली पोटात जाते. कमानीच्या माथ्यावरून तीन फांद्या निघून डोके, मान आणि दोन्ही हात यांना रक्त पुरवतात. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर महारोहिणीच्या आतल्या थराला चीर पडू शकते. तेव्हा छातीत किंवा पाठीत काहीतरी फाटल्यासारखी, एकाएकी जोरात कळ येते. हा प्रसंग मिनिटांचा असतो. रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून सोडू नये, असे डॉक्टर वारंवार सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

महारोहिणीच्या उजव्या बाजूला ऊर्ध्व महानीला असते. डोके, मान आणि हात यांतील वापरलेले रक्त ही सुमारे सात सेंटीमीटर लांबीची शीर हृदयात परत आणते. रोहिणीची भिंत जाड आणि आतला दाब मोठा असतो. या शिरेची भिंत मात्र पातळ असते आणि आतला दाब कमी असतो. त्यामुळे शेजारी गाठ वाढली, की ही शीर लवकर दबते. रक्त वर तुंबते. सकाळी उठल्यावर चेहरा व डोळे सुजलेले दिसतात, शर्टाचा किंवा ब्लाउजचा गळा घट्ट होतो, मानेच्या शिरा फुगतात, छातीवर निळसर शिरांचे जाळे दिसू लागते आणि पुढे वाकल्यावर डोके जड होते. चेहऱ्याची सूज मूत्रपिंडाच्या आजारातही येते. पण सुजेसोबत मानेच्या शिरा फुगलेल्या असतील, तर छातीची तपासणी लगेच झाली पाहिजे. फुप्फुसाचा कर्करोग हे याचे एक प्रमुख कारण आहे, आणि बिडी-सिगारेटचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

शेजारी शेजारी दोन नळ्या

श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे असते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. ही कडी मागच्या बाजूला उघडी असतात, त्यामुळे मोठा घास गिळताना अन्ननलिकेला फुगायला जागा मिळते.

श्वासनलिकेच्या दोन फाट्यांपैकी उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि सरळ असतो. म्हणून लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा, चिंचोका किंवा फुटाणा गेला, तर तो बहुधा उजवीकडे जाऊन अडकतो. खाताना मूल एकाएकी ठसकले, नंतर शांत झाले, पण छातीत शिट्टीसारखा आवाज राहिला किंवा एकाच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होऊ लागला, तर डॉक्टरांना त्या ठसक्याची आठवण अवश्य सांगावी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत.

अन्ननलिका सुमारे पंचवीस सेंटीमीटर लांब असते. घशाशी जेथे ती सुरू होते तेथे, महारोहिणीची कमान व डावी श्वासशाखा जेथे तिच्यावरून जातात तेथे, आणि श्वासपटलातून जेथे पोटात उतरते तेथे ती अरुंद असते. गिळलेली वस्तू याच जागी अडकते. खेळण्यातील किंवा घड्याळातील चपटी गोल बॅटरी अडकली, तर दोन तासांतच अन्ननलिका भाजून निघू लागते, आणि महारोहिणी तर शेजारीच असते. अशा वेळी केळे खायला देऊन वाट पाहू नये. मुलाला तडक रुग्णालयात न्यावे. मोठ्या माणसाला आधी भाकरीचा घास अडकू लागला, मग भात, मग पाणीही अडू लागले, तर ते पित्त समजू नये. अन्ननलिकेची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी.

लांबच्या वाटेने जाणारा मज्जातंतू

आता आवाजाकडे वळू. स्वरयंत्र गळ्यात असते, पण त्याला हलवणारा डाव्या बाजूचा मज्जातंतू सरळ गळ्यात जात नाही. तो व्हेगस नावाच्या मोठ्या मज्जातंतूतून छातीत उतरतो, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून पुन्हा वर जातो. उजवा मज्जातंतू मानेच्या बुडाशीच वळतो. डावा मात्र छातीत फेरी मारून येतो. गर्भात हृदय आधी मानेजवळ तयार होते आणि नंतर खाली छातीत सरकते. त्याच्यासोबत रोहिणीची कमान खाली आली आणि तिच्याखाली अडकलेला हा तंतूही ओढला गेला. जिराफातही तो असाच छातीत जाऊन, काही मीटरचा फेरा घेऊन गळ्यात पोचतो. हा उत्क्रांतीचा चालताबोलता पुरावा आहे.

या तंतूचे काम फार जुन्या काळी ओळखले गेले. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणारा ग्रीक वैद्य गॅलेन याने ओरडणाऱ्या डुकराचे हे तंतू बांधून त्याचा आवाज बंद होतो, हे लोकांसमोर दाखवले होते.

याचा आपल्याशी संबंध असा. डाव्या फुप्फुसाची गाठ, मधल्या कप्प्यातील सुजलेल्या गाठी किंवा फुगलेली महारोहिणी यांनी हा तंतू दबला, की आवाज घोगरा होतो. गळा दुखत नाही, ताप नसतो, फक्त आवाज फुटत नाही. सर्दीने किंवा ओरडण्याने बसलेला आवाज सहसा दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. तीन आठवड्यांनंतरही तो तसाच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि छातीचा एक्स-रे काढण्याबद्दल विचारावे.

हृदयाच्या आजारानेही आवाज बसू शकतो. व्हिएन्नाचे डॉक्टर ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. लहानपणी घसा वारंवार सुजतो, सांधे दुखतात, आणि त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसते. मग डावा वरचा कप्पा फुगतो. हा कप्पा अन्ननलिकेला अगदी लागून असतो, त्यामुळे घासही अडकू शकतो. दाटीच्या घरांत राहणाऱ्या मुलांना या तापाचा धोका जास्त असतो. डॉक्टरांनी ठराविक दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन लिहून दिले असेल, तर ते मनाने बंद करू नये.

दुसरा मज्जातंतू फ्रेनिक. तो मानेत निघतो, हृदयाच्या दोन्ही बाजूंनी खाली येतो आणि श्वासपटलाला हलवतो. श्वासपटलाजवळ काही दाह झाला, तर दुखणे खांद्याच्या टोकावर जाणवते, कारण दोघांच्या तंतूंचे मूळ मानेतच असते.

गाठी आणि ग्रंथी

छातीच्या हाडाच्या मागे थायमस ही ग्रंथी असते. ती लहानपणी मोठी असते, प्रतिकारशक्तीच्या पेशींना तयार करते आणि वयाबरोबर आकसत जाते. तिच्यात गाठ झाली, तर काही जणांच्या पापण्या संध्याकाळपर्यंत खाली पडू लागतात, एकाचे दोन दिसते, बोलता बोलता आवाज नाकातून येतो. हा स्नायू लवकर थकण्याचा आजार असून त्यावर औषधे आहेत.

श्वासनलिकेच्या फाट्याभोवती लसीका ग्रंथी असतात. क्षयरोग या ग्रंथींतही होतो, विशेषतः मुलांमध्ये. तेव्हा थुंकीच्या तपासणीत काहीच न सापडण्याची शक्यता असते. म्हणून संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि लांबलेला खोकला असेल, तर थुंकीचा अहवाल चांगला आला एवढ्यावर समाधान मानू नये. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून पोषणासाठी रक्कमही मिळते. ती २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली.

हे लक्षात ठेवा

१) आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असणे.
२) चेहरा व मान सुजून मानेच्या शिरा फुगणे.
३) घास अडकणे, आणि ते हळूहळू वाढत जाणे.
४) दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, किंवा खोकल्यातून रक्त.
५) पापण्या संध्याकाळी जड होणे, एकाचे दोन दिसणे.

यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. छातीच्या मधोमध दाब, घाम आणि धाप, किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आली, तर थांबू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पहिली तपासणी साध्या एक्स-रेची असते. त्यात मधला कप्पा पांढऱ्या सावलीसारखा दिसतो. ही सावली रुंद झाली असेल, तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. खर्चाच्या भीतीने मागे हटू नये. सरकारी रुग्णालयांत या सोयी असतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदय व कर्करोगाचे अनेक उपचार योजनेतील रुग्णालयांत रोख पैसे न भरता होतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावे, आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

आमची विनंती एवढीच. हा लेख वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारा : आवाज किती दिवसांपासून बसला आहे? आणि घास नीट उतरतो का? उत्तर ऐकून काळजी वाटली, तर उद्याच त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा.