हिवाळ्यातील मिळकत

जबलपूर शहरातील मदन महल ही टेकडी ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांसाठी आणि तिच्यावरील गोंड राजवटीतील किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. टेकडीच्या आसपास आता दाट वस्ती झाली आहे. अशा शहरी वस्तीत वाढणाऱ्या मुलांना शेतीची पहिली ओळख बांधावर न होता संगणकाच्या पडद्यावरही होऊ शकते. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने एकट्याने तयार केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूला शेत कसून चरितार्थ चालवावा लागतो.

या खेळात वर्षाचे चार ऋतू असून प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो. हिवाळा सुरू होताच उघड्या शेतातील नेहमीची पिके मरतात; गवतही वाढत नाही. नवखा खेळाडू येथे अडचणीत येतो. जाणता खेळाडू मात्र आधीच कोठारात चारा साठवतो, कोंबड्या व गाई पाळतो, दुधाचे चीज आणि फळांचे मुरंबे करतो, मासेमारीची जोड देतो. हिवाळ्यातील मिळकतीची तयारी हिवाळ्यापूर्वीच करावी लागते, हे त्यातून कळते.

जबलपूरच्या परिसरात चित्र निराळे आहे. येथील सौम्य थंडी पिकांना पोषक ठरते. या भागातील काळ्या जमिनीत ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत आहे. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी शेतातच अडवतात. पावसाळा सरल्यावर ते सोडून देतात आणि जमिनीला वाफसा येताच गहू, हरभरा, मसूर पेरतात. पावसाळ्यातील पीक सोडून हिवाळ्यासाठी ओल साठवण्याचा हा विचार आहे.

जबलपूरचा हिरवा मटारही प्रसिद्ध आहे. लवकर येणाऱ्या जातींच्या शेंगा सुमारे दोन महिन्यांत तोडणीस येतात आणि त्यांच्या दोन-तीन तोडण्या होतात. मात्र तोडलेल्या शेंगेतील साखरेचे हळूहळू पिष्टात रूपांतर होते व गोडी कमी होते. त्यामुळे भाव येईपर्यंत ती ठेवून देता येत नाही.

येथेच खेळ आणि प्रत्यक्ष शेती यांतील मोठा फरक दिसतो. खेळात कितीही माल विकला तरी त्याचा भाव उतरत नाही. प्रत्यक्षात सर्वांचा मटार एकाच वेळी बाजारात आला, तर भाव कोसळतो. कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही. पीक उत्तम येऊनही घरात पैसा येत नाही.

यावर उपाय एकच नाही. सर्व शेतात एकदम पेरणी न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने ती केल्यास माल टप्प्याटप्प्याने निघतो. दुभत्या जनावरांमुळे रोजचा पैसा हाती येतो. तलावातील शिंगाडा ताजा असताना लवकर विकावा लागतो. पण तोच वाळवून दळला, तर त्याचे पीठ महाशिवरात्रीच्या उपवासापर्यंत टिकते.

एका हंगामातील भरघोस उत्पन्न आणि नियमित उत्पन्न या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यासाठी उत्तम पीक लागते. दुसऱ्यासाठी त्याबरोबर वेळेचे नियोजन, साठवण आणि जोडधंदा लागतो. खेळात चुकलेला खेळाडू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू शकतो. शेतकऱ्याला मात्र पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी लागते.